अकलोलीचा बारावा फोटो

भिवंडीला जायचं ठरवलं तेव्हा मला तिघांनी एकच प्रश्न विचारला, "तिथं बघण्यासारखं आहे तरी काय?" पहिल्यांदा आईने विचारलं, मग शेजारच्या काकूंनी आणि शेवटी पासपोर्ट फोटो न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने. गिऱ्हाइकाचा तर काही संबंधही नव्हता. मी त्याच्या हातात पाकीट दिलं आणि म्हटलं, "ते बघायलाच चाललेय."

ही नव्वदच्या दशकातली, साधारण मधल्या वर्षांतली गोष्ट. सिन्नरला आमचा छोटा फोटो स्टुडिओ होता. वडील, म्हणजे नाना, गेल्यावर तो मी चालवत होते. मुंजी, लग्नं, ओळखपत्रं, नवजात बाळं, सगळं मीच टिपायचे. तरी दारात येणारा माणूस माझ्या खांद्यावरून आत डोकावून विचारायचा, "फोटोग्राफर कुठं गेलेत?" मी म्हणायचे, "मीच." तो म्हणायचा, "हो, पण काढणारे कुठायत?" हे चार वर्षं ऐकल्यावर माणसाच्या डोक्यात तिडीक जाणारच.

त्यातच भिवंडीच्या छायाचित्रकार संमेलनाचं पत्र आलं. दोन दिवसांचं संमेलन, त्यात जागच्या जागी स्पर्धा. शहर आणि आसपासचा परिसर फिरून संमेलनाने दिलेल्या एका रोलवर बारा फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत रोल जमा करायचा. ज्याचे बारा फोटो सरस ठरतील त्याचे ते बाराही फोटो, नावासकट, राज्यातल्या पाच शहरांत भिंतीवर लागणार. नाशिकही त्यात होतं. मला भिंतीवर ते नाव हवं होतं, खोटं कशाला बोलू? नाशिकच्या भिंतीवर नाव लागलं की सिन्नरचं गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून बघणं बंद करेल, असा माझा सरळ हिशेब होता. पत्राच्या पाकिटावर माझ्या नावाआधी 'श्री.' लिहिलं होतं. मी ते तसंच पिशवीत टाकलं.

शुक्रवार

पहाटेच्या एसटीने नाशिक, तिथून भिवंडीची गाडी. तुम्ही या वाटेने जाणार असाल तर डावीकडची खिडकी धरा, कसारा घाटात दरी त्या बाजूला दिसते. घाट उतरला की हवा बदलते, अंगातला स्वेटर नकोसा होतो. शहापूरला गाडी थांबली तेव्हा मी वडा घेतला, तो चांगला होता, चहा मात्र गरम पाण्यावर दिवस काढत होता. वडप्यापासून गाडी भिवंडीकडे वळली. आज वडपं म्हटलं की गोदामांच्या पत्र्याच्या भिंती आणि कंटेनर आठवतात. तेव्हा मला खिडकीतून कापणी झालेली भाताची खाचरं दिसली, पेंढ्याच्या उडव्या दिसल्या आणि बांधावर बसून जेवणाऱ्या बायका दिसल्या. हात कॅमेऱ्याकडे गेला होता, पण रोल अजून मिळायचा होता.

कॅमेऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. तो नानांचा, दोन भिंगांचा, डब्यासारखा कॅमेरा. एक भिंग वर, एक खाली. तो डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. आपल्याला जे दिसतं ते वरच्या भिंगातून, फोटो काढतं ते खालचं भिंग. नाना म्हणायचे, "वरचा डोळा तुझा, खालचा कॅमेऱ्याचा. दोघांचीही काळजी घेत जा." मी घेत होते.

दुपारी शाळेच्या हॉलमध्ये पोचले. चौतीस पुरुष आणि मी. संमेलनाचे कार्यवाह कर्णिकसर, उंच, बारीक, खिशाला दोन पेनं लावलेले. त्यांनी सगळ्यांना रोल वाटले आणि नियम सांगितला.

"प्रत्येकाचे बाराच्या बारा फोटो या हॉलमध्ये लागतील. एकही कापायचा नाही, एकही झाकायचा नाही. रोल आम्ही धुणार, आम्हीच छापणार. चांगला फोटो कुणाचाही येतो हो, माणूस कळतो तो बाकीच्या अकरांत."

मला हा नियम मनापासून आवडला. आवडला हे मुद्दाम सांगतेय.

चौतीसच्या चौतीस जण तडक यंत्रमागांकडे निघाले, मीही निघाले. भिवंडीत येऊन लूम नाही काढायचे तर काय काढायचं? गल्लीत शिरलो आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. काही आवाजच नव्हता. शेडची दारं अर्धी उघडी, आत माग गप्प उभे. बाहेर बाजांवर कामगार पेपर वाचत बसलेले, एका खांबाला आरसा टांगून न्हावी दाढी करत होता. एका मागाखाली एक माणूस तेलाचा डबा घेऊन शिरला होता. रफीकभाई. मूळचे आजमगडचे, पण मराठी-हिंदीची अशी काही वीण घालून बोलायचे की ऐकत राहावं.

"आज जुम्मा है ताई, आज लाइट नाही. हफ्त्याची सुट्टी. तुमको किसीने बोला नाही?"

कुणी बोललं नव्हतं. पस्तीस फोटोग्राफर, पस्तीस शहाणे, आणि भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात हे एकालाही ठाऊक नव्हतं. बाकीचे "उद्या येऊ" म्हणत परत फिरले. मी तिथेच थांबले.

"कल आना," रफीकभाई म्हणाले, "कल पूरी गल्ली हिलेल."

"कल चौतीस जण येणार आहेत. मला आजच काढू द्या."

ते हसले. "बंद लूमचा फोटू? चालू हो या बंद, फोटू में आवाज तो वैसे भी नहीं आता."

त्या वाक्यावर मी पाच फोटो काढले. तेलाने काळे झालेले त्यांचे हात, मागावर पांढऱ्या धुळीसारखा बसलेला कापसाचा तंतू, आरशातला न्हावी, बाजेवर झोपलेला एक जण आणि दारातून आत पडलेली उन्हाची पट्टी. प्रत्येक फोटोला पाच-पाच मिनिटं घेतली. परत येताना अंगावर इतका कापूस होता की कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "म्हातारी झालीस की काय बाई एका दुपारी?" पाचही फोटो जमलेत हे मला आतून कळत होतं.

राहायची सोय कुंदाताईंकडे होती. संमेलनात बाई म्हणून मी एकटीच, म्हणून आयोजकांनी एका शिक्षिकेचं घर शोधलं. कुंदाताईंच्या चार पिढ्या भिवंडीतल्या. त्यांनी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली आणि माझी फजिती ऐकून पोट धरून हसल्या.

"मग उद्या काय? परत लूम?"

"उद्या तिथे एकेका मागाला चार चार कॅमेरे असतील. मी नाही जायची."

"मग वज्रेश्वरी गाठा. पहिली गाडी धरा. आणि पुढे अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत, थंडीत सकाळी अशी वाफ निघते की बघत राहाल. बायकांचं कुंड भिंतीआड आहे. तुमचे ते चौतीस जण तिथे यायचे नाहीत."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

शनिवार

भिवंडी स्टँडवरून वज्रेश्वरीची एसटी तासाभरात पोचवते. तिकीट तेव्हा फार नव्हतं, आजही नाही. अंबाडी नाक्याला गाडी थांबली तेव्हा टपावर कोंबड्यांची पाटी चढवणाऱ्या माणसाचा फोटो घेतला, तो सहावा. वज्रेश्वरीचं देऊळ टेकाडावर, किल्ल्यासारख्या तटाचं. दगडी पायऱ्यांवर सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं. तिथे दोन, सातवा आणि आठवा. दर्शन मोकळेपणाने झालं. खाली दुकानातून आईसाठी कुंकू घेतलं आणि चालतच अकलोलीला निघाले. वाट सोपी आहे, अर्ध्या तासात पोचाल. तानसा नदी सोबत असते, तिच्या पात्रातल्या काळ्या खडकांवर कपडे वाळत घातले होते. तो नववा.

कुंदाताई खरं बोलल्या होत्या. कुंडांवर वाफेचा पडदा होता, नाकात गंधकाचा वास. पुरुषांचं कुंड उघड्यावर होतं आणि भिंतीपलीकडे बायकांचं. दारात ओल्या लुगड्यांची रांग, त्याचे दोन फोटो घेतले. अकरा झाले. एकच उरला.

आत गेले. चार बायका पायरीवर बसून गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडून गप्पा मारत होत्या. भाताची कामं आटपल्यावर गुडघे शेकायला आलेल्या, जावा-जावा. त्यांतली थोरली, साठीची असेल, तिने केस धुऊन मोकळे सोडले होते. ते पार कमरेपर्यंत आले होते, अर्धे काळे, अर्धे पांढरे. तिने मला हाक मारली.

"काय गो, पोटाशी काय धरलंस?"

"कॅमेरा आहे."

"मंग डोल्याला का न्हाय लावत?"

मी जवळ बसले आणि तिला वरून काचेत बघायला दिलं. ती वाकली आणि ओरडलीच. "अगो बय! माझी जाऊ हितं डबीत बसलीय!" मग चौघींनी आळीपाळीने एकमेकींना डबीत बघितलं. थोरलीचं नाव चांगुणाबाय. अंबाडीच्या पलीकडच्या एका गावची, घरची भातशेती.

"माझा काढतेस?" ती म्हणाली. "इलेक्शनच्या कारडावर काढलाय माझा, त्यात मी मेलेली दिसतंय. दुसरा फोटू न्हाय माझा. हितं काढ, अशीच बसलीय तशी."

असा चेहरा मी आयुष्यात पुन्हा पाहिला नाही. मागे वाफ, खांद्यावर केस, आणि ती हसत होती, अंगातलं दुखणं काढून बाजूला ठेवल्यासारखी. मी काचेत पाहिलं तर सगळं धूसर. वाफेने भिंग झाकोळलं होतं. पदराने पुसलं, चित्र लख्ख झालं. बोट बटनावर ठेवलं आणि तिने हात वर केला.

"पन पुरुषांनी बघाय नको हां. केस मोकलं हायत. माझ्या घरच्या मानसानी पन मला अशी दिवसाची बघितली न्हाय."

"नाही बघणार," मी म्हटलं. "शब्द दिला."

आणि बटन दाबलं. बारावा.

खरं सांगायचं तर तेव्हा मला नियम आठवत होता. पण त्या चेहऱ्यापुढे मला वाटलं, बघू, बोलून काढू काहीतरी मार्ग. परतीच्या गाडीत रोलला चिकटपट्टी लावून मांडीवर ठेवला आणि मग माझी जुंपली ती माझ्याशीच. हॉलमध्ये चौतीस पुरुष. नंतर पाच शहरांतले हजारो. पण चांगुणाबायला कळणार कसं? ती कुठे जातेय नाशिकला प्रदर्शन बघायला? शब्द देणारी मी, घेणारी ती आणि तिच्या तीन जावा, साक्षीला दुसरं कोण होतं? अंबाडी येईपर्यंत मी रोल द्यायचा ठरवला होता. भिवंडी येईपर्यंत मला माझीच शरम वाटायला लागली होती.

पाचला दहा मिनिटं कमी असताना मी कर्णिकसरांपुढे उभी होते. टेबलावर बिस्किटाचा मोठा डबा, त्यात सगळ्यांचे रोल.

"सर, माझा बारावा फोटो लावू नका. एका बाईला शब्द दिलाय, तो पुरुषांनी बघायचा नाही. काळा कागद चिकटवा हवं तर."

"बाई, नियम तुम्ही ऐकलात."

"ऐकला. म्हणून तर विनंती करतेय. मी एक बाद धरते, अकराच मोजा."

"आज तुमचा झाकला तर उद्या प्रत्येकाला एक झाकायचा असेल." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "खरं सांगा, शेवटचा बिघडलाय म्हणून लपवताय ना?"

मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले. बारापैकी बारा जमलेत हे मला माहीत होतं आणि हा माणूस मला सगळ्यांसमोर लबाड म्हणत होता! मी म्हटलं, "माझा फोटो कधी बिघडत नाही. आणि मी शब्दही बिघडवत नाही." रोल पिशवीत टाकला, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि हॉलमधून बाहेर पडले. वाक्य झोकात बोलले खरं, पण शाळेच्या फाटकाबाहेर येऊन मी ढसाढसा रडले. नाशिकची भिंत गेली होती.

संध्याकाळी कुंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि ताट वाढलं.

"राग आलाय ना? मग भाकरी कुस्करत बसू नका, खा. रागाला पण जोर लागतो."

बक्षीस चालू मागांच्या फोटोंना मिळालं. नाशिकला लागले तेव्हा बघितले, चांगले होते, उगाच नावं ठेवणार नाही.

घरी

सिन्नरला आल्यावर हात धुतले आणि तशीच डार्करूममध्ये शिरले. लाल दिवा, रसायनांचे ट्रे, दोरीला लावलेले चिमटे, नानांचं जुनं स्टूल. फिल्म धुतली, सुकवली, आणि बाराही फोटो एका कागदावर छापले. ट्रेमध्ये एकेक चित्र वर यायला लागलं. रफीकभाईंचे हात, वा. कापसाचा तंतू, वा. न्हावी, पायऱ्या, तानसा, लुगडी. अकराच्या अकरा, एकाला नाव ठेवायला जागा नाही.

बारावा पांढरा.

म्हणजे अगदी कोरा नाही. धुक्यात कुणीतरी बसलंय एवढंच कळत होतं. खांदे, केसांचा एक काळा ओघ, आणि चेहऱ्याच्या जागी नुसती वाफ. मी ट्रेकडे बघत राहिले आणि मग हळूच मला माझा पदर आठवला. मी भिंग पुसलं होतं. वरचं! जे मला दाखवतं ते. खालचं, जे फोटो काढतं, ते वाफेने तसंच माखलेलं राहिलं. मला लख्ख दिसत होतं, म्हणून कॅमेऱ्यालाही दिसत असणार असं मी धरून चालले. दोन भिंगांचा कॅमेरा वापरणाऱ्यालाच ही चूक करता येते, आणि नानांनी पहिल्याच दिवशी सांगितलेली गोष्ट मी विसरले होते.

चांगुणाबायला त्या फोटोत तिच्या जावांनीही ओळखलं नसतं. तो पाचच काय, पन्नास शहरांत लावला असता तरी माझा शब्द मोडला नसता. आणि कर्णिकसर खरं बोलले होते. शेवटचा बिघडलाच होता.

मी आधी चिडले, मग लाल दिव्यात एकटीच खदाखदा हसले. आई दार वाजवायला लागली, "काय झालं गं?" तिला काय सांगणार! त्याच आठवड्यात कर्णिकसरांना पत्र लिहिलं, झालं ते सगळं सांगितलं आणि शेवटी लिहिलं: तुम्ही म्हणालात तेच खरं निघालं, फक्त ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आठ दिवसांत त्यांचं कार्ड आलं. एकच ओळ होती, "पुढच्या वर्षी दोन्ही भिंगं पुसून या." वर पत्त्यात 'श्रीमती' लिहिलं होतं. पुढच्या वर्षी गेले. बक्षीस नाही मिळालं, पण हॉलमध्ये माझे बाराही लागले, माझ्या नावासकट.

पण त्याआधी, महिन्याभरातच, मी परत अंबाडीची गाडी धरली होती. फोटो देईन असं चांगुणाबायला सांगितलं होतं आणि द्यायला तर काही नव्हतं. नाक्यावर विचारत विचारत घर सापडलं. तिला तो पांढरा फोटो दाखवला आणि संमेलनात काय झालं तेही सांगितलं.

"ही मी हाय?" ती म्हणाली.

"तूच आहेस. चुकलं माझं."

"मंग ह्यो लाव बाय कुटं लावायचा त्यो. वाफच हाय, वाफेला कोन लाजतो?" आणि तिने जावांना हाक मारली, पुरुषमाणसं शेतावर आहेत ना ते बघून घेतलं, आणि अंगणात बसून केस सोडले.

या वेळी मी खालचं भिंग दोनदा पुसलं.

शिमग्याला मोठा फोटो छापून नेऊन दिला, सोबत निगेटिव्हही दिली. तिने बराच वेळ फोटोकडे बघितलं. "आता मेलेली न्हाय दिसत," एवढंच म्हणाली.

अनेक जण विचारतात, भिवंडीला खरंच जावं का? जा. पण शुक्रवारी जाऊ नका, आणि गेलातच तर बंद माग बघून या. अकलोलीला थंडीत सकाळी पोचा, भिंग पुसायला कोरडं फडकं न्या. माझे त्या दोन दिवसांचे बाराही फोटो या लेखाच्या खाली लावलेत, बारावा चांगुणाबायच्या परवानगीने. दर वेळी कुणीतरी लिहितं की तो दुसरा, अंगणातला, स्कॅन करून टाका ना. तो माझ्याकडे नाही. मी निघाले तेव्हा तिने तो ट्रंकेत ठेवला, सगळ्यात खाली, लुगड्यांच्या घडीत, आणि तिच्या घरातल्या बायका तो काढून बघतात.